३८ व्या वर्षी निदान कशासाठी?

सप्रेम नमस्कार.

तुमची ओळख पटेल असे सर्व तपशील गाळून, तुमच्या दीर्घ पत्राचा सारांश वाचकांसाठी आधी मांडते. तुमचे वय ३८ आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात तुम्ही पत्नी आणि आई यांच्यासह राहता आणि एका सरकारी बँकेत नोकरी करता. सुरुवातीची बरीच वर्षे तुम्ही ताळमेळाच्या विभागात काढली. आकडे, नोंदी आणि ठरलेल्या मुदती यांत तुमचे उत्तम चालले होते. पुढे पदोन्नतीबरोबर शाखेत बदली झाली. काउंटर, सतत वाजणारा फोन, टोकनची घंटा, पासबुक छापणाऱ्या यंत्राची कर्कश कुरकुर आणि एकाच वेळी बोलणारी तीन माणसे असा दिवस सुरू झाला. काही महिन्यांतच झोप उडाली, साधी आंघोळही डोंगराएवढी वाटू लागली आणि मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून औषधे सुरू केली. एकदा औषध बदलून झाले. समुपदेशनात ‘लोकांमध्ये मिसळा’ असा सल्ला मिळाला, तो तुम्ही मनापासून पाळला आणि त्यानंतर अधिकच खचलात. परदेशी असलेल्या तुमच्या शाळासोबत्याला अलीकडे ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान झाले आणि त्याचे अनुभव ऐकताना तुम्हाला आपलीच कहाणी कोणी सांगत असल्याचा भास झाला. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, तुम्ही डोळ्यांत बघून बोलता, पदवीधर आहात, संसार करता, तेव्हा ऑटिझमचा प्रश्नच येत नाही. आईंचे म्हणणे असे की, या वयात कपाळावर शिक्का कशाला मारून घ्यायचा. नैराश्याचे निदान चुकले आहे का, ऑटिझमचे निदान आता करून घेण्यात काही अर्थ आहे का आणि ते झालेच तर बँकेला सांगावे का, असे तुम्ही विचारले आहे.

या प्रश्नांआधी मला तुमच्या एका वाक्याकडे वळले पाहिजे. ‘सकाळी जागच येऊ नये, असे अलीकडे अधूनमधून वाटते,’ असे तुम्ही इतर तपशिलांच्या ओघात लिहून गेला आहात. हे तुमच्या डॉक्टरांना तुम्ही याच शब्दांत सांगितले आहे का? सांगितले नसेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना कळवा आणि आजच पत्नीलाही सांगा. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून मिळते. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे तुम्हाला किती जड जाते हे तुम्ही लिहिलेच आहे, म्हणून पत्नीने फोन लावावा आणि तुम्ही शेजारी बसावे, हेही चालेल. केंब्रिजमधील एका विशेष दवाखान्यात प्रौढपणी ॲस्पर्गर सिंड्रोमचे, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचे, निदान झालेल्या लोकांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांपैकी ६६ टक्के लोकांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगितले आणि ३५ टक्के लोकांनी तशी योजना केल्याचे किंवा प्रयत्न केल्याचे सांगितले. ऑटिझमची शक्यता गांभीर्याने तपासावी असे मी म्हणते, त्यामागे हे मोठे कारण आहे.

आता डॉक्टरांच्या वाक्याविषयी. एका पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. मात्र नजरेला नजर देणे, पदवी आणि संसार या तीन गोष्टींवरून ऑटिझम नाकारताही येत नाही, हे मी ठामपणे सांगू शकते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये लहान मुलांमधील ऑटिझमची वर्णने प्रसिद्ध केली आणि पुढे कित्येक दशके हा विषय बालरोगाच्याच कप्प्यात राहिला. उशिरा बोलणारे, हाका मारूनही न वळणारे मूल हेच चित्र अनेक डॉक्टरांच्या मनात ठसले. बोलण्यात आणि बुद्धीत मागे नसलेल्या माणसांसाठी ॲस्पर्गर सिंड्रोम हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९९४ मध्ये आले. त्या सुमारास तुम्ही प्राथमिक शाळेत होता. ‘हुशार आहे, परंतु वर्गात मिसळत नाही’ असा शेरा मारण्यापलीकडे त्या काळच्या शिक्षकांच्या हाती फारसे काही नव्हते. २०१३ च्या आवृत्तीत ही वेगवेगळी नावे एकत्र करून ऑटिझम स्पेक्ट्रम असे एकच निदान ठेवले गेले आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांची अतितीव्र किंवा अतिमंद जाणीव हे लक्षण निकषांत प्रथमच समाविष्ट झाले. त्याच निकषांत आणखी एक महत्त्वाची नोंद आहे. लक्षणांचे मूळ बालपणात असले पाहिजे, परंतु सामाजिक मागण्या माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसून येतीलच असे नाही आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती पुढे झाकलीही जाऊ शकतात. ताळमेळाच्या टेबलावरून काउंटरवर आल्यावर तुमची जी स्थिती झाली, ती या नोंदीशेजारी ठेवून वाचावी, अशी माझी तुमच्या डॉक्टरांना विनंती राहील.

झाकण्याविषयी बोलायचे तर तुमच्या पत्रातील रविवारच्या वहीचा उल्लेख मी पुन्हा पुन्हा वाचला. दर रविवारी रात्री तुम्ही छोट्या वहीत सोमवारी बोलायची वाक्ये लिहून काढता. पेन्शनीसाठी येणाऱ्या काकांना ‘गुडघा काय म्हणतो?’, शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला ‘मुलाचे ॲडमिशन झाले का?’ आणि त्यापुढे कंसात ‘हसणे’. समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दोन भुवयांच्या मधोमध बघायचे, हे तुम्ही महाविद्यालयात असताना ठरवून शिकलात. डॉक्टरांना दिसलेली तुमची नजर हीच असावी. या झाकण्याला मास्किंग म्हणतात. ते मोजण्यासाठी २०१८ मध्ये २५ विधानांची एक प्रश्नावलीही तयार झाली आहे. संकोची माणसेही बोलण्याची तयारी करतात, हे खरे आहे. पण दिवसाचे आठ-नऊ तास, वर्षानुवर्षे, प्रत्येक हसू आणि प्रत्येक विचारपूस आधी आखून वावरणाऱ्या माणसाला घरी आल्यावर आंघोळीचेही त्राण उरत नाही, यात त्याचा आळस नाही आणि दुबळेपणाही नाही.

नैराश्याचे निदान त्यामुळे चुकीचे ठरते का? माझ्या मते ठरत नाही, आणि या उत्तराकडे तुम्ही सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण ‘माझा आजार वेगळाच निघाला’ असे समजून औषधे परस्पर बंद करणारी माणसे असतात आणि त्यातून फार नुकसान होते. नैराश्याची औषधे अचानक थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपेचा बिघाड असे त्रास होतात आणि मूळ आजारही उलटू शकतो. ऑटिझम आणि नैराश्य एकाच माणसात एकत्र असू शकतात, किंबहुना पुष्कळदा असतात. प्रौढांवरील अभ्यासांचा २०१९ मधील एकत्रित आढावा पाहिला तर ऑटिस्टिक प्रौढांपैकी सुमारे ३७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आणि सुमारे ४२ टक्के लोकांना चिंताविकाराचा सामना करावा लागल्याचे दिसते. ऑटिझम ही मेंदूची जन्मापासूनची घडण आहे. नैराश्य हा त्या घडणीच्या माणसाला पुढे जडणारा आणि उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे. त्या घडणीचा पत्ता नसेल, तर उपचार योग्य असूनही त्यांचा रोख चुकतो. तुमच्या बाबतीत नेमके इथेच घोडे पेंड खात असावे.

नैराश्यात रस आटतो, म्हणून नैराश्यग्रस्ताला लोकांत मिसळायला, कार्यक्रमांना जायला सुचवले जाते आणि अनेकांना त्याचा फायदाही होतो. तुम्ही तो सल्ला पाळून नातेवाइकांच्या लग्नाला गेलात, शाखेच्या सहलीला गेलात आणि सोसायटीच्या गणेशोत्सव समितीत नावही घातलेत. मंगल कार्यालयातला गोंगाट, ध्वनिवर्धक, ओळखीच्या-अनोळखी माणसांचे प्रश्न या सगळ्यांतून परतल्यावर तुम्ही दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता. याच पत्रात दुसरीकडे तुम्ही लिहिले आहे की, सुट्टीच्या दिवशी कोणी घरी नसताना लहानपणापासून जमवलेली पीएमटीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, जुनी तिकिटे मार्गांच्या क्रमाने लावत बसलात की तीन तास कसे गेले ते कळत नाही आणि मन हलके होते. रस आटलेला माणूस असे लिहीत नाही. ऑटिस्टिक लोक ज्याला बर्नआउट म्हणतात, त्यात आवडीनिवडी शाबूत राहतात, मात्र अंगातली ताकद संपते, पूर्वी जमणारी साधी कामे जमेनाशी होतात आणि आवाज, उजेड सोसण्याची सीमा खूप खाली येते. ही अवस्था अद्याप अधिकृत निदानांच्या यादीत नाही, परंतु तिच्यावर गंभीर संशोधन सुरू झाले आहे. तिच्यात माणसाला आणखी गर्दीत ढकलणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. तुमच्यात नैराश्य आणि ही थकवण दोन्ही एकत्र असण्याचीही शक्यता आहे आणि ते वेगळे करून पाहणे हे जाणकाराचे काम आहे.

निदान करून घ्यावे, असे मी म्हणते ते यासाठी. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही आणि ते शोधत फिरूही नये. आहार बदलून किंवा महागड्या थेरपीने ऑटिझम ‘काढून टाकतो’ असे सांगणाऱ्या कोणाच्याही दारात उभे राहू नका. बदलतो तो नैराश्याचा आणि चिंतेचा उपचार. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत समुपदेशन अधिक आखीव असावे, लिहून आणि आकृत्यांतून समजावावे, आडवळणाची भाषा टाळून थेट बोलावे, मध्ये विश्रांती द्यावी आणि रुग्णाची इच्छा असल्यास घरच्या माणसाला सोबत घ्यावे, अशा सूचना आहेत. या सर्व गोष्टी तुम्ही सध्याच्या समुपदेशकांकडे निदानाची वाट न पाहताही मागू शकता.

याच्याशी जोडलेला एक मुद्दा पुष्कळदा नजरेआड होतो. ‘मन कसे आहे?’ असे डॉक्टरांनी विचारले की तुम्ही ‘बरे आहे’ म्हणता आणि बाहेर पडल्यावर स्वतःवर चिडता. स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणे सुमारे निम्म्या ऑटिस्टिक लोकांना अवघड जाते, असे अभ्यासांतून दिसते. दोन-चार मिनिटांच्या भेटीत तुमचे ‘बरे आहे’ डॉक्टर खरे मानणार. म्हणून पुढील भेटीस जाताना एका कागदावर मोजता येतील अशा गोष्टी लिहून न्या: या आठवड्यात किती तास झोप झाली, किती वेळा जेवण टळले, किती दिवस आंघोळ झाली नाही, किती वेळा शाखेतील स्वच्छतागृहात जाऊन कान झाकून उभे राहावे लागले, आणि जाग न येण्याचा तो विचार किती वेळा आला. तो कागद सरळ त्यांच्या हातात द्या. तुमचा आकड्यांचा सराव इथे तुमच्या उपयोगी पडेल.

निदानाची प्रक्रिया कशी असते, तेही सांगते. ऑटिझमसाठी रक्ताची चाचणी नाही, एमआरआयमध्ये तो दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सविस्तर मुलाखत घेतात, बालपणाचा इतिहास विचारतात, निरीक्षण करतात आणि सारखी दिसणारी इतर कारणे पडताळून पाहतात. त्यासाठी एडॉस-२ या निरीक्षण पद्धतीचा प्रौढांसाठीचा चौथा भाग काही ठिकाणी वापरतात, मात्र तिचाही निष्कर्ष एकटा पुरेसा नसतो. तुम्ही इंटरनेटवर भरलेली ५० प्रश्नांची एक्यू प्रश्नावली २००१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तयार केली असून ती चाळणीपुरती उपयोगी आहे. चिंता आणि नैराश्य यांमुळेही तिच्यातले गुण वाढू शकतात, तेव्हा तुमच्या ३६ गुणांना पुरावा समजू नका आणि दुर्लक्षही करू नका. पुण्यात ऑटिझमवर काम करणाऱ्या बहुतेक जागा मुलांसाठी आहेत. म्हणून वेळ घेण्यापूर्वीच ‘आपण प्रौढांचे ऑटिझमचे मूल्यमापन करता का आणि लेखी अहवाल देता का?’ एवढे दोन प्रश्न संदेशाने विचारा. सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. त्यात कोणाचा अपमान होत नाही. खर्च परवडणारा नसेल तर ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीपासून सुरुवात करता येईल, मात्र तिथली गर्दी आणि गोंगाट लक्षात घेऊन सोबत कोणीतरी न्या. कानांत बोळे घालूनही गेलात तरी कोणाला स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

मूल्यमापनातून वेगळेच काही निघू शकते, याचीही मनाची तयारी ठेवा. सामाजिक भीतीचा विकार, लक्ष एकवटण्यातील अडचण म्हणजे एडीएचडी, मंत्रचळ, बालपणीच्या आघातांचे परिणाम यांची काही लक्षणे ऑटिझमसारखी दिसतात. मंत्रचळात कृती नकोशी वाटूनही करावी लागते, तर ऑटिझममधील ठरलेले क्रम बहुधा दिलासा देतात. सामाजिक भीतीत माणसाला काय बोलायचे ते कळत असते, पण हसे होईल या धास्तीने जीभ अडखळते. तुमची तिकिटे आणि तुमची वही यांकडे पाहता मला एका बाजूचे झुकते माप द्यावेसे वाटते, परंतु अंतिम शब्द तुम्हाला समोर बसवून ऐकणाऱ्याचाच असला पाहिजे. सध्याचे डॉक्टर लेखी टिपण वाचूनही ऐकून घेणार नसतील, तर दुसरे मत घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि त्या काळात चालू औषधे मात्र त्यांच्याच सल्ल्याने चालू ठेवा.

बँकेला सांगण्याची घाई करू नका. निदान झाले म्हणून ते आपोआप बँकेपर्यंत जात नाही; २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांतील माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. निदान आणि दिव्यांग प्रमाणपत्र या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ऑटिझमचा समावेश आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात झाला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही तो आहे. प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात ‘इसा’ ही ४० विधानांची मोजपट्टी वापरतात. तिची विधाने मुख्यत्वे बाहेरून दिसणाऱ्या वर्तनावर बेतलेली असल्यामुळे, आयुष्यभर झाकत आलेल्या प्रौढाची अडचण तिच्यात पुरती उतरत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. प्रमाणपत्र मिळाले तर सरकारी आस्थापनेने वाजवी सोयी देणे आणि भेदभाव न करणे या कायद्यातील तरतुदींचा आधार मिळतो आणि तक्रार निवारण अधिकारीही नेमलेला असावा लागतो. परंतु त्याआधीही, कोणतेही नाव न घेता, शाखा व्यवस्थापकांशी कामापुरते बोलता येईल. सकाळच्या गर्दीत काउंटर आणि दुपारनंतर मागच्या टेबलावर काम, सूचना तोंडी न देता ईमेलवर, फोनचे काम दुसऱ्याकडे आणि त्याच्या बदल्यात महिनाअखेरचा ताळमेळ तुमच्याकडे, अशी देवाणघेवाण अनेक शाखांत एरवीही होत असते. तुमच्या हाताखालून चुकलेली नोंद सुटत नाही, ही गोष्ट तुमच्या साहेबांना ठाऊक असणारच.

पत्नीविषयी तुम्ही फार थोडे लिहिले आहे, पण त्यांनीच हे पत्र पाठवण्याचा आग्रह धरला, यावरून त्या तुमच्या बाजूने उभ्या आहेत असे दिसते. ‘मी रडत होते आणि हा पंख्याचा आवाज कमी करायला उठला,’ ही त्यांची जुनी तक्रार मात्र मोकळेपणाने बोलण्यासारखी आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांची मने कळत नाहीत असे सरसकट मानले जात होते. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये असे मांडले की, ही न कळण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. तुम्ही पंख्याकडे का गेलात हे त्यांना विचारावेसे वाटले नसेल आणि त्यांना त्या क्षणी काय हवे होते हे तुम्हाला उमगले नसेल. काय हवे आहे ते शब्दांत सांगायचे, असे दोघांनी ठरवून घेतले, तर निदानाची वाट न पाहताही घरातला ताण कमी होईल.

राहता राहिल्या आई. तुमच्या बालपणाची सर्वांत विश्वासार्ह माहिती त्यांच्याकडे आहे आणि मूल्यमापन करणारे त्यांच्याशीच बोलू इच्छितील, म्हणून त्यांच्याशी शिक्क्यावरून वाद घालू नका. ‘माझ्यात काही कमी आहे का?’ असे विचारलेत तर कोणतीही आई ‘नाही’ असेच उत्तर देईल. त्याऐवजी एखाद्या निवांत दुपारी साधे प्रश्न विचारा. मी केव्हा बोलू लागलो, बालवाडीत कोणाशी खेळायचो, दिवाळीत फटाके वाजू लागले की कुठे जाऊन बसायचो, कोणता सदरा घालायला नकार द्यायचो, जेवणात रोज काय तेच मागायचो, पाहुणे आले की काय करायचो. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, जुनी प्रगतिपुस्तके माळ्यावर असतील तर काढून ठेवा आणि त्यांचे गुडघे साथ देत असतील तर पहिल्या भेटीला त्यांनाही सोबत न्या.